‘हॅश सम मिसमॅच’ दर सोमवारी का यायचा: अंतर्गत ॲप्ट रेपोच्या दुखण्याचा शोध

सोमवारी सकाळी सात वाजता मॉनिटरिंगच्या पडद्यावर दहा-बारा सर्व्हर लाल दिसायचे. प्रत्येकावर एकच तक्रार: ‘फेल्ड टू फेच’, आणि ओळीच्या शेवटी ‘हॅश सम मिसमॅच’, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा (हॅश) जुळत नाही. काहींवर तिचंच दुसरं रूप: ‘फाइल हॅज अनएक्स्पेक्टेड साइज’, आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून ‘मिरर सिंक इन प्रोग्रेस?’ पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, फक्त सर्व्हर वेगळे. मंगळवारी सगळं हिरवं. त्यामुळे मुळाशी जायची निकड कोणालाच वाटत नव्हती, आणि हे कित्येक महिने चाललं.

ज्यांनी आपल्या ऑफिसात किंवा डेटा सेंटरमध्ये लिनक्सच्या पॅकेजेसचा अंतर्गत रेपो, म्हणजे सॉफ्टवेअरचा साठा, उभा केला आहे, त्यांना हा एरर कधी ना कधी भेटतोच. म्हणून शोध कसा लागला आणि कायमची दुरुस्ती कशी केली, ते सविस्तर लिहितो आहे.

आमची मांडणी साधी होती. सर्व्हर बहुतेक उबुंटू २२.०४ चे, थोडे डेबियनचे, आणि कोणालाच बाहेरचं इंटरनेट नाही. सगळे ॲप्ट या पॅकेजेस आणणाऱ्या प्रोग्रॅमनं एका अंतर्गत मशीनवरून पॅकेजेस घेतात. त्या मशीनवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर चालतो आणि त्याच्यामागे दोन भाग: एक अधिकृत रेपोची प्रत, म्हणजे मिरर, दुसरा आमच्याच डेव्हलपरांनी बांधलेल्या पॅकेजेसचा. मिरर आठवड्यातून एकदा आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं ताजा व्हायचा. ही आरसिंकची आज्ञा थेट त्याच फोल्डरवर चालायची, जिथून सर्व्हर फाइली उचलत होते. दुखणं तिथेच होतं, पण ते कळायला वेळ लागला.

लिस्ट्स पुसल्यानं बरं का वाटतं

या एररवर इंटरनेटवर सापडणारा पहिला उपाय म्हणजे ॲप्टचा लिस्ट्स, म्हणजे याद्यांचा, फोल्डर रिकामा करायचा, ‘ॲप्ट क्लीन’ म्हणायचं आणि पुन्हा ‘ॲप्ट अपडेट’ चालवायचं. आम्हीही तेच करत होतो. त्यासाठी अँसिबल या अनेक सर्व्हरांवर एकदम काम करणाऱ्या साधनाचं एक प्लेबुकसुद्धा लिहून ठेवलं होतं. चालवलं की सर्व्हर हिरवे व्हायचे, म्हणून उपाय बरोबर आहे असंच धरून चाललो.

टीममध्ये नव्यानं आलेल्या एका मुलीनं एका सोमवारी विचारलं, “सर, आज न पुसता नुसतंच अर्ध्या तासानं परत चालवून बघू का?” बघितलं. काही न पुसता सगळे सर्व्हर नीट चालले. म्हणजे गुण पुसण्याला नव्हता, मध्ये गेलेल्या वेळेला होता. आम्ही प्लेबुक शोधून, चालवून, निकाल बघेपर्यंत पलीकडे मिररचा सिंक पूर्ण होत होता. पुसण्याचा उपाय काही प्रसंगी खरोखर लागतो, उदाहरणार्थ डाउनलोड अर्ध्यात तुटून ‘पार्शल’ फोल्डरमध्ये खराब तुकडा राहिला असेल तर. पण तसं एखाद्या सर्व्हरवर होतं. दहा सर्व्हरांवर एकाच सकाळी होत असेल तर दोष त्या दहांमध्ये नाही, ज्याच्याकडून ते घेतात त्याच्यात आहे.

हे हलक्यानं घेण्यासारखं नव्हतं. अपडेट फसलं की ॲप्ट जुनी यादी तशीच ठेवतो आणि त्या यादीवर काम करत राहतो. सर्व्हर चालू असतो, सेवा चालू असतात, फक्त सुरक्षेचे पॅच येत नाहीत. आणि मिररवरून जुन्या डेब फाइली, म्हणजे खुद्द पॅकेजेस, काढून टाकल्या असतील तर कुणी काही इन्स्टॉल करायला गेल्यावर ‘४०४ नॉट फाउंड’ समोर येतो, तोही नेमका घाईच्या वेळी.

साखळी कशी चालते

ॲप्ट सगळ्यात आधी इन-रिलीज नावाची छोटी, सही केलेली फाइल आणतो. तिच्यात प्रत्येक इंडेक्स फाइलचा आकार आणि एसएचए-२५६ हॅश लिहिलेला असतो. मग तो पॅकेजेस नावाचा इंडेक्स आणतो. त्यात प्रत्येक डेब फाइलचा पत्ता, आकार आणि हॅश असतो. शेवटी डेब फाइल. प्रत्येक पायरीवर वरच्या पायरीनं दिलेला हॅश जुळला तरच पुढे जायचं.

मालाच्या टेम्पोबरोबर चलन येतं तसं हे आहे. चलनावर चाळीस पोती आणि टेम्पोत बेचाळीस असतील तर हमाल पोती उतरवून घेत नाही, जादा दोन पोत्यांमुळे आपलाच फायदा असला तरी. हॅश जुळत नाही म्हणून ॲप्ट थांबतो ते त्याचं कर्तव्य आहे. म्हणून ‘अलाऊ-इनसिक्युअर’ किंवा ‘ट्रस्टेड’ असले पर्याय लावून हा एरर गप्प करायला जाऊ नका. इन-रिलीजची सही तपासली जाते म्हणूनच साध्या एचटीटीपीवरून पॅकेजेस घेणं चालतं. ती तपासणी काढली की खाली आधार उरत नाही.

एररच्या खाली दडलेल्या ओळी

आम्ही महिनोन् महिने फक्त लाल ओळ वाचत होतो. नव्या ॲप्टमध्ये तिच्याखाली आणखी मजकूर असतो आणि निम्मं निदान तिथेच होतं. अपेक्षित फाइलचा आकार आणि हॅश, मिळालेल्या फाइलचा हॅश, मग ‘लास्ट मॉडिफिकेशन रिपोर्टेड’ आणि शेवटी ‘रिलीज फाइल क्रिएटेड ॲट’. या शेवटच्या दोन तारखा शेजारी ठेवून बघा.

इंडेक्सची तारीख रिलीजच्या तारखेपेक्षा बरीच जुनी असेल तर नवी इन-रिलीज आली आहे, पण तिच्यात सांगितलेला इंडेक्स अजून मिररवर पोचलेला नाही, किंवा मध्ये बसून फाइली साठवणाऱ्या प्रॉक्सीनं जुना इंडेक्स हातात दिला आहे. इंडेक्स रिलीजपेक्षा नवा असेल तर उलट: जुनी इन-रिलीज कुठेतरी अडकून राहिली आहे. एक अट आहे, सिंक करताना फाइलींच्या मूळ वेळा जपल्या गेल्या पाहिजेत. आरसिंकमध्ये त्यासाठी टाइम्सचा पर्याय लागतो. तो नसेल तर सगळ्या फाइलींवर सिंकचीच वेळ पडते आणि या दोन ओळी काहीच सांगत नाहीत.

त्याहून आधीची गोष्ट म्हणजे एररमधला पत्ता नीट वाचणं. पत्त्यात ‘डिस्ट्स’ असेल तर भानगड याद्यांची आहे. ‘पूल’ असेल तर भानगड प्रत्यक्ष डेब फाइलीची आहे. दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. आमच्याकडे दोन्ही होत्या आणि आम्ही त्यांना एकच आजार समजत होतो. शोध लांबला तो मुख्यतः यामुळे.

साडेपाच तास

डिस्ट्सच्या एररांमध्ये आमच्या इंडेक्सची तारीख आठवडाभर जुनी आणि रिलीज आदल्या रात्रीची होती. म्हणजे सिंक चालू असताना सर्व्हर येत होते. पण सिंक तर रात्री साडेबाराला लावला होता! सकाळी सातला तो चालू असायचं काही कारणच नव्हतं.

मिरर मशीनवर तारखेची आज्ञा दिली आणि उत्तर मिळालं. मशीनचा टाइमझोन यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, होता. क्रॉन या वेळापत्रकावर कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅममधले साडेबारा म्हणजे आपले सकाळचे सहा. आणि उबुंटू-डेबियनमध्ये यादी ताजी करणारा ‘ॲप्ट-डेली’ टायमर सकाळी ६ आणि संध्याकाळी ६ ला लागतो, वर १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर. सर्व्हर आपल्या वेळेवर होते, मिरर यूटीसीवर, आणि दोघांची गाठ बरोबर सहाला पडत होती. ज्या सर्व्हरांचा यादृच्छिक उशीर कमी निघायचा ते सिंकच्या खिडकीत सापडायचे, बाकीचे सुटायचे. दर सोमवारी वेगळे सर्व्हर का पडत होते, त्याचं उत्तरही यातच होतं.

मी लगेच क्रॉनची वेळ बदलली आणि दोन सोमवार शांततेत गेले. तिथेच थांबलो असतो तर चूक झाली असती. सिंक कधी लांबेल, कोण मध्यरात्री पॅच चालवेल, याचा भरवसा नसतो. वेळ बदलल्यानं दोघांची गाठ पडणं कमी झालं. खिडकी मात्र उघडीच होती.

डिस्ट्सची खरी दुरुस्ती

आरसिंकला पूर्ण झाड एकदम दिलं की तो नावाच्या क्रमानं जातो. ‘डिस्ट्स’ आधी, ‘पूल’ नंतर. म्हणजे नव्या याद्या आधी येतात आणि त्यांत सांगितलेल्या डेब फाइली मागाहून. डिस्ट्सच्या आतही वरच्या फोल्डरमधली इन-रिलीज आधी बदलते आणि खोलवरचा पॅकेजेस इंडेक्स नंतर. सर्व्हरच्या दृष्टीनं याहून वाईट क्रम नाही. डेबियनच्या सार्वजनिक मिररांसाठीचा एफटीपीसिंक म्हणूनच दोन टप्प्यांत काम करतो: आधी पूल, मग डिस्ट्स, आणि जुनं पुसणं सगळ्यात शेवटी.

आम्ही आता असं करतो. आधी फक्त पूल आणायचा, काहीही न पुसता. नव्या डेब फाइली आधी येऊन पडल्या तर कोणाचं काही बिघडत नाही, कारण त्यांचा उल्लेख अजून कुठल्याच यादीत नसतो. मग डिस्ट्स आणायचा, पण चालू फोल्डरवर नाही, तारखेच्या नावाच्या नव्या फोल्डरमध्ये. त्यानंतर पूल पुन्हा एकदा. हा तिसरा फेरा अनेक जण वगळतात. पहिला फेरा आणि डिस्ट्स यांच्या मधल्या वेळात वरच्या मिररवर, म्हणजे जिथून आपण प्रत घेतो तिथे, नवं पॅकेज आलं असेल तर आपल्या यादीत त्याचं नाव येतं आणि फाइल मात्र नसते. दुसऱ्यांदा पूल आणायला मिनिटभर लागतो आणि ही फट बुजते.

सगळं आल्यावर तपासणी. इन-रिलीजची सही ‘जीपीजीव्ही’नं, मग तिच्यात नोंदलेल्या आणि आपण आणलेल्या प्रत्येक इंडेक्सचा हॅश, मग प्रत्येक पॅकेजेस इंडेक्समधली प्रत्येक डेब फाइल पूलमध्ये आहे का आणि तिचा आकार जुळतो का. रोज सगळ्या डेब फाइलींचा हॅश काढणं जड जातं. तेवढं रविवारी करतो. यातलं एकही फसलं तर पुढे जायचं नाही, सर्व्हर कालच्या याद्यांवर राहू द्यायचे. जुनी पण एकमेकांशी जुळणारी यादी नव्या पण अर्धवट यादीपेक्षा केव्हाही चांगली.

तपासणी पास झाली की डिस्ट्स नावाचा सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) नव्या तारखेच्या फोल्डरकडे वळवायचा. इथेही बारकावा आहे. जुना लिंक काढून नवा लावला तर मधल्या क्षणात लिंकच नसतो. नवा लिंक तात्पुरत्या नावानं बनवायचा आणि ‘एमव्ही’ आज्ञेला मोठ्या ‘टी’चा पर्याय देऊन तो जुन्या नावावर सरकवायचा. हे नाव बदलणं कर्नल एका झटक्यात करतो. सर्व्हरला जुनं दिसतं किंवा नवं दिसतं, मधलं काही नाही.

तरीही एक फट उरते. एखाद्या सर्व्हरनं लिंक वळण्याच्या सेकंदभर आधी जुनी इन-रिलीज घेतली आणि सेकंदभर नंतर इंडेक्स मागितला, तर त्याला नवा इंडेक्स मिळतो आणि हॅश पुन्हा फसतो. याचा इलाज रेपोच्या रचनेतच करून ठेवलेला आहे, ‘बाय-हॅश’. रिलीज फाइलमध्ये ‘ॲक्वायर-बाय-हॅश: येस’ अशी ओळ असेल तर ॲप्ट पॅकेजेस या नावानं फाइल मागत नाही. ज्या हॅशची अपेक्षा आहे, त्या हॅशच्या नावानंच मागतो. जुन्या हॅशची फाइल फोल्डरमध्ये शिल्लक असेल तर जुन्या इन-रिलीजवाल्याला जुना इंडेक्स मिळतो, नव्यावाल्याला नवा. भांडणच मिटलं.

उबुंटूचा रेपो ही सोय देत होता आणि आम्ही ती स्वतःच्या हातानं बंद केली होती. मिरर उभा करताना डिस्कची जागा वाचवायला मी बाय-हॅशचे फोल्डर सिंकमधून वगळले होते. हॅशच्या नावाची फाइल सापडली नाही की ॲप्ट नेहमीच्या नावाकडे वळतो, म्हणून वरवर सगळं चालताना दिसायचं. त्या वेळी त्या फोल्डरांत काय आहे हे वाचलं असतं तर ही समस्या उद्भवलीच नसती. तुमच्या सिंकच्या स्क्रिप्टमध्ये ‘एक्सक्लूड’च्या ओळी असतील तर आजच उघडून बघा.

आता नवा डिस्ट्स फोल्डर आदल्या दिवसाच्या फोल्डरची हार्डलिंक प्रत म्हणून सुरू होतो, म्हणजे डिस्कवरची तीच फाइल दोन नावांनी दिसते. त्यामुळे जागा जवळपास लागत नाही. मग त्यावर आरसिंक चालतो, फक्त बाय-हॅशमधलं काही पुसत नाही. शेवटच्या ३ इन-रिलीजमध्ये ज्यांचा उल्लेख नाही तेवढ्याच हॅश-फाइली वेगळी स्क्रिप्ट काढते. हार्डलिंक वापरत असाल तर आरसिंकला ‘इनप्लेस’चा पर्याय कधीही देऊ नका. एरवी आरसिंक नवी फाइल बाजूला लिहून मग जागेवर आणतो, म्हणून जुन्या प्रती सुरक्षित राहतात. इनप्लेसमध्ये तो त्याच फाइलीत लिहितो आणि जपून ठेवलेले सगळे दिवस एकदम बदलतात.

स्क्रिप्टबद्दल थोडं. आधीच्या स्क्रिप्टमध्ये आज्ञा नुसत्या एकाखाली एक होत्या, मागची फसली तरी पुढची चालायचीच. आता प्रत्येक पायरीचा परतीचा कोड बघतो. आरसिंकचा २४ हा कोड पुष्कळ जण दुर्लक्षित करतात. त्याचा अर्थ कॉपी चालू असताना पलीकडच्या काही फाइली नाहीशा झाल्या. मिररच्या बाबतीत याचा अर्थ वरचा मिररच त्या वेळी बदलत होता. अशा वेळी प्रकाशित करायचं नाही, थोड्या वेळानं पहिल्यापासून सुरू करायचं. आणि एका सिंकवर दुसरा सिंक चढू नये म्हणून सगळं ‘एफलॉक’च्या आत.

पूलमधला एरर: तेच नाव, वेगळा माल

डिस्ट्स शांत झाल्यावर उरलेले एरर वेगळे उठून दिसायला लागले. ते सगळे पूलमधले होते आणि सगळे आमच्याच पॅकेजेसचे.

झालं असं होतं की डेव्हलपर एखादं पॅकेज बांधून रेपोत टाकायचा, चूक लक्षात आली की दुरुस्त करून पुन्हा बांधायचा, आणि आवृत्ती तीच ठेवायचा. १.४.२-१ हे नाव तेच, आतला माल वेगळा. आमची स्क्रिप्ट फाइल कॉपी करून ‘डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस’ ही यादी बनवणारी आज्ञा चालवायची आणि ती आज्ञा असल्या गोष्टीबद्दल हरकत घेत नाही. ज्या सर्व्हरकडे अजून जुनी यादी होती, त्याला नवी फाइल मिळायची आणि हॅश फसायचा. ज्याच्याकडे नवी यादी होती, त्याला मधला स्क्विड प्रॉक्सी जुनी फाइल द्यायचा आणि हॅश फसायचा.

सर्वांत गंभीर प्रकार तिसरा होता आणि तो एरर देतच नव्हता. ज्या सर्व्हरांवर पहिली १.४.२-१ आधीच बसली होती, ते दुसरी ओढायचेच नाहीत, कारण आवृत्ती तर तीच. दोन सर्व्हर, दोन्हीवर डीपीकेजी हा पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम एकच आवृत्ती सांगतो आणि आत वेगवेगळा कोड. असा बग शोधायला दोन-दोन दिवस जातात आणि अखेरपर्यंत रेपोवर संशय येत नाही. म्हणून मी हॅशच्या एररला चांगला म्हणतो, तो निदान ओरडतो तरी.

उपाय म्हणून हातानं लिहिलेली स्क्रिप्ट काढून रेप्रेप्रो हा रेपो सांभाळणारा प्रोग्रॅम आणला. त्याच नावाची, त्याच आवृत्तीची पण वेगळ्या मजकुराची फाइल देऊ केली की तो साफ नाकारतो. ॲप्टली हा तशाच कामाचा प्रोग्रॅमसुद्धा नाकारतो. पहिल्या आठवड्यात डेव्हलपरांची तक्रार आली, “तुमचा रेपो पॅकेज घेत नाही.” ती तक्रार रास्त नव्हती, पण त्यांना पर्याय देणं माझं काम होतं. आता बिल्ड सर्व्हर प्रत्येक वेळी आवृत्तीला अधिक चिन्ह आणि बिल्डचा क्रमांक जोडतो. चाचणीच्या बिल्डना अधिकऐवजी टिल्ड (~). डेबियनच्या क्रमवारीत टिल्ड लावलेली आवृत्ती मूळ आवृत्तीच्याही खाली धरली जाते. त्यामुळे अंतिम आवृत्ती आली की चाचणीची आपोआप मागे पडते. कोणाला काही लक्षात ठेवावं लागत नाही.

मध्ये कोण बसलं आहे

सर्व्हर आणि रेपो यांच्यामध्ये स्क्विड, एनजिनएक्सचा कॅशे किंवा लोड बॅलन्सर (मागण्या अनेक मशीनवर वाटणारा) असेल तर तोही तपासा. सोपी चाचणी अशी: बिघडलेल्या सर्व्हरवरून ‘कर्ल’नं इन-रिलीजचे हेडर मागवा, मग तेच रेपोच्या मशीनवरूनच मागवा. ईटॅग (फाइलीच्या रूपाची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड दोन्हीकडे सारखे हवेत. सर्व्हरकडच्या उत्तरात ‘एज’ हेडर दिसत असेल तर मध्ये कोणीतरी साठवून ठेवतं आहे.

आमचा नियम असा आहे की पूलमधलं काहीही हवं तितके दिवस साठवा, कारण त्या नावाखालचा मजकूर आता कधी बदलत नाही. बाय-हॅशचंही तेच. डिस्ट्समधल्या बाकीच्या फाइलींवर मात्र ‘नो-कॅश’, म्हणजे प्रत्येक वेळी मुळाशी विचारून खात्री करा. एनजिनएक्समध्ये ओपन-फाइल-कॅश चालू केलं असेल तर डिस्ट्ससाठी ते बंद ठेवा, नाहीतर लिंक वळवल्यावरही थोडा वेळ जुनीच फाइल जाते.

लोड बॅलन्सरमागे दोन रेपो मशीन असतील आणि दोन्ही आपापल्या वेळेला सिंक होत असतील, तर इन-रिलीज एकाकडून आणि इंडेक्स दुसऱ्याकडून येऊ शकतो. हा एरर दिवसभर येत-जात राहतो. दोन्हीकडे माल पोचल्यावरच दोन्हीकडचा लिंक वळवायचा.

‘पाइपलाइन-डेप्थ’ (उत्तराची वाट न बघता किती मागण्या पाठवायच्या तो आकडा) शून्य करा असाही सल्ला जागोजागी मिळतो. पाइपलाइन नीट न हाताळणारा जुना प्रॉक्सी असेल तर त्याचा उपयोग होतो. एरवी तो नुसता वेग कमी करतो.

मुदत, घड्याळ, किल्ली

हे तीन एरर हॅशचे नाहीत, पण त्याच सकाळी, त्याच पडद्यावर येतात.

‘रिलीज फाइल इज एक्स्पायर्ड’: डेबियनच्या सुरक्षा रेपोच्या रिलीज फाइलीला ‘व्हॅलिड-अंटिल’ची ७ दिवसांची मुदत असते. उबुंटूच्या फाइलींत ती नसते. डेबियनचा सुरक्षा मिरर आठवड्यातून एकदाच सिंक करत असाल तर गणित चुकतं. मुदत फाइल बनल्याच्या क्षणापासून मोजली जाते, तुम्ही ती आणल्यापासून नाही. त्यामुळे पुढचा सिंक येण्याआधी काही तास सगळे डेबियन सर्व्हर ओरडायला लागतात. आम्ही तो मिरर रोज सिंक करायला लागलो आणि विषय संपला. ‘चेक-व्हॅलिड-अंटिल’ सगळ्या सर्व्हरांवर बंद करणं चुकीचं आहे. सिंक बंद पडला आहे हे सांगणारी तीच एक घंटा असते. मुद्दाम गोठवून ठेवलेला स्नॅपशॉट वापरत असाल तर फक्त त्या एका सोर्सच्या ओळीत ती तपासणी बंद करा.

‘इज नॉट व्हॅलिड यट’: यात पुढे किती वेळानं वैध होईल तेही लिहिलेलं असतं. तो आकडा साडेपाच तासांच्या आसपास असेल तर भारतात कारण बहुधा ठरलेलं. मशीनच्या हार्डवेअर घड्याळात यूटीसी वेळ आहे आणि लिनक्सला वाटतं आहे की ती आपली स्थानिक वेळ आहे. मग तो स्वतःला साडेपाच तास मागे धरतो आणि नुकतीच सही झालेली फाइल त्याला भविष्यातली वाटते. ॲप्ट पुढच्या वेळेची १० सेकंदांपर्यंतच सूट देतो. ‘टाइमडेट-कंट्रोल’मध्ये ‘आरटीसी इन लोकल टीझेड’ ‘येस’ दिसत असेल तर ‘नो’ करा आणि क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला अंतर्गत एनटीपी, म्हणजे वेळ सांगणारा, सर्व्हर द्या. इंटरनेट नसलेल्या जागी एनटीपी लावायचंच राहून जातं.

‘नो-पबकी’ आणि ‘एक्सपी-की-सिग’: पहिल्यात सही तपासायची किल्ली सर्व्हरवर नाही, दुसऱ्यात तिची मुदत संपली आहे. स्वतःच्या रेपोच्या किल्लीची मुदत वाढवली तरी सर्व्हरांवरची प्रत जुन्याच मुदतीची असते. ती पुन्हा पाठवावी लागते. आम्ही सार्वजनिक किल्लीचंच एक डेब पॅकेज केलं आहे, डेबियन आपल्या किल्ल्यांसाठी करतो तसं. मुदत संपायच्या दोन महिने आधी नव्या किल्लीसह त्याची नवी आवृत्ती निघते आणि नेहमीच्या अपडेटबरोबर सगळीकडे पोचते. किल्ली सोर्सच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’नं बांधा. ‘ॲप्ट-की’ ही जुनी आज्ञा कालबाह्य ठरवली गेली आहे, शिवाय तिनं टाकलेली किल्ली सगळ्याच रेपोंसाठी चालते. तसं असू नये.

रेड हॅटच्या वंशातल्या मशीनसाठी

तिथे इन-रिलीजच्या जागी ‘रेपोएमडी’ ही एक्सएमएल फाइल असते आणि तर्क तोच. ‘क्रिएटरेपो-सी’ याद्यांच्या नावातच हॅश घालतो, त्यामुळे हॅश फसण्याऐवजी बहुधा ४०४ येतो: सर्व्हरकडे जुनी रेपोएमडी, आणि तिच्यातली यादी तुम्ही पुसलेली. ‘रिटेन-ओल्ड-एमडी’ पर्यायानं मागच्या काही याद्या राहू द्या. नवं पॅकेज टाकूनही सर्व्हरला दिसत नसेल तर डीएनएफ (तिथला ॲप्टच्या जागचा प्रोग्रॅम) याद्या ४८ तास ताज्या मानतो हे आठवा. अंतर्गत रेपोच्या फाइलीत ‘मेटाडेटा-एक्स्पायर’ तासाभरावर आणा, किंवा त्या वेळेपुरतं ‘रिफ्रेश’ द्या.

सध्याची घडी

सिंक आता रोज रात्री दीड वाजता होतो आणि मिररचा टाइमझोन आशिया/कोलकाता केला आहे. लिंक वळवल्यावर एका रिकाम्या कंटेनरमधून ‘ॲप्ट-गेट अपडेट’ चालतं, ‘एरर-ऑन’ला ‘एनी’ देऊन. हा पर्याय महत्त्वाचा आहे, कारण त्याच्याशिवाय रेपोशी जोडणीच झाली नाही तरी ॲप्ट नुसता इशारा देऊन शून्य, म्हणजे यशाच्या, कोडनं परततो आणि स्क्रिप्टला सगळं ठीक वाटतं. मग आमचं एक आणि वरचं एक अशी दोन पॅकेजेस नुसती डाउनलोड करून बघितली जातात. फसलं तर लिंक कालच्या फोल्डरकडे परत वळतो आणि ड्यूटीवरच्या माणसाला मेसेज जातो. असा मेसेज आतापर्यंत दोनदा आला. एकदा डिस्क भरली होती, एकदा वरच्या मिररवर काम चालू होतं. दोन्ही वेळा सकाळी सातला पडद्यावर एकही सर्व्हर लाल नव्हता.

लिस्ट्स पुसणारं ते अँसिबलचं प्लेबुक आम्ही काढून टाकलं आहे.